आठ फॅटच्या कादंबरीची बखर

श्री अंबाबाई समर्थ. करवीर मुलुखी, भैरोजी तालमीच्या छत्राखाली, एका कादंबरीवरून जो संग्राम जाहला, त्याची हकीकत चहाच्या टपऱ्यांवर रोज नव्याने बिघडत चालली. कोणी म्हणतो पुस्तके जाळिली, कोणी म्हणतो पैलवान रडले, आणि कोणी तर पोलीसही आणून उभे केले. सबब पेठेतील वडीलधाऱ्यांनी फर्माविले की, खरे ते लिहून ठेवावे, मीठमसाला घालू नये. त्यास, मसाल्यावाचून कोल्हापुरात काही शिजत नाही. तरी सेवकाने बेताने घातला आहे. सावकाश वाचावे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते अडविले होते आणि फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला होता. ते समयी पेठेत क्रांतीबाईसाहेब नांदत होत्या. बाईंचा हुद्दा वारणानगरास दुधाच्या तपासणीवर. सकाळी यष्टीने कूच करावे, दिवसभर गावोगावच्या दुधाचे फॅट काढावे, पाणी घातलेले कॅन बेलाशक परत धाडावे, आणि सायंकाळी यष्टीनेच माघारी यावे. जातायेता मांडीवर कादंबरी असे. तीही कसली? ज्यात घोडा नाही, तट नाही आणि किमानपक्षी एक राक्षस नाही, ते पुस्तक बाई हाती धरीत नसत.

भैरोजी तालमीच्या दारी एक काळा फलक आहे. त्यावर सामन्यांचे निकाल आणि पेठेतील मयतांची खबर लिहिण्याचा रिवाज. परंतु तालमीच्या माडीवर वाचनालय असल्याकारणे अध्यक्ष हंबीरराव पैलवान यांनी फलकाचा उजवा कोपरा बाईंस वहिवाटीस दिला होता. दर रविवारी दस्तुरखुद्द बाईंनी खडू घेऊन वाचलेल्या कादंबरीचा निवाडा तेथे लिहावा, आणि मोल फॅटमध्ये सांगावे; दुधास जितके फॅट चढे तितका भाव चढा, तसेच कादंबरीस. पेठेत घरटी म्हैस किंवा म्हशीच्या दुधाचे गिऱ्हाईक, त्यामुळे अर्थ कोणास पुसावा लागत नसे.

नमुन्यादाखल निवाडे येणेप्रमाणे. ‘काजळगुहा’: नकाशा बहुत नामी, कादंबरी नकाशापुरतीच. मांत्रिक तिसाव्या पानावर येऊन काम उरकू शकत होता, तो चारशेव्या पानावर आला आणि उशीर का जाहला तेही सांगितले नाही. फॅट साडेतीन, गाईचे. ‘वज्रनखांची टोळी’: एवढी फौज तीन राज्ये ओलांडून गेली, भाकरी कोणी थापली त्याचा मजकूर नाही, घोड्यांस पाणी कोणी दाखविले त्याचा मजकूर नाही. फॅट अडीच, भेसळ उघड. ‘सात चंद्रांचे बेट’: खलाशास किनारा दिसतो आणि कथा तिथेच थांबते, घरी कोण जिवंत आहे हे लेखक सांगत नाही. मोठ्या काळजाचा माणूस. फॅट साडेसहा, म्हशीचे.

मग त्या मासी बाईंनी तालमीच्या वाचनालयातून आणून ‘धुरकोटाचा वारस’ वाचिली. वारस नामे पोरका पोर, बापाचा किल्ला ड्रॅगन नामे धूर ओकणाऱ्या महासर्पाने बळकाविला, पोर सात घाट चढून किल्ल्याच्या दारी येतो, तलवार खाली ठेवितो, दारावर टकटक करण्यास हात उचलितो, आणि कादंबरी संपते. बाई यष्टीत तशाच बसून राहिल्या आणि आपला थांबा सोडून पुढे गेल्या. रविवारी फलकावर लिहिले की, हात वर आहे आणि दार बंद आहे, ते आपण उघडायचे, असे काळीज दुसऱ्या लेखकात नाही, फॅट आठ. आठ फॅट फलकावर पूर्वी कधी लागले नव्हते. मग पेठेत एकच हलकल्लोळ. पुस्तकास नंबर लागले, दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला हाती धरून लोक दाराच्या आत काय असेल याची चर्चा करू लागले, आणि ज्या हंबीररावांनी जन्मात कुस्तीच्या निकालाखेरीज काही वाचिले नव्हते त्यांनीही ती वाचिली आणि दोन दिवस ते कोणावर ओरडले नाहीत.

ही कीर्ती पलीकडल्या पेठेत गेली. तेथे धैर्यशीलराव, मोबाइलच्या दुकानाचे मालक, आपल्या संघाचे गोलरक्षक आणि असल्याच कादंबऱ्यांचे शौकीन, यांनी तीच कादंबरी कुरिअरने मागविली, वाचिली, आणि मग भर दुपारी दुचाकीवर स्वार होऊन भैरोजी तालमीच्या फलकापुढे येऊन उभे राहिले आणि मोठ्याने हसले. क्रांतीबाईंची त्या दिवशी सुट्टी होती. त्या समोरच होत्या.

धैर्यशीलराव म्हणाले, “ताई, तुमी शेवट वाचलाच न्हाय. टकटक केल्यावर अजून तीन धडे हाईत की. दार उघडतंय, ड्रॅगन बोलतोय, त्योच पोराचा बाप निघतोय, आणि म्होरं लगीन हाय.”

बाई म्हणाल्या, असे असणे शक्य नाही. रावांनी जाहीर केले की, येत्या रविवारी आपली प्रत घेऊन तालमीत रुजू होऊ. पाने निघाली तर बाईंनी आपल्या हाताने आठ फॅट पुसावे, आणि फलकाचा कोपरा इतःपर आपणास द्यावा. हंबीरराव तालमीतून बाहेर आले आणि त्यांनी उभयतांस शर्त कबूल काय, असे पुसिले. बाई ‘व्हय’ म्हणून गेल्या. एकदा शब्द गेल्यावर तो माघारी घेण्याची चाल पेठेत नाही.

बाई थेट माडीवर गेल्या. तेथे वाचनालयाचे किल्लेदार रिजवानभाई. स्वभावे मवाळ, पुस्तकास मूल मानणारे. उभयतांनी प्रत उजेडात धरून शेवटी बोट फिरविले, तो पुठ्ठ्याच्या आत, शिवणीपाशी, पाने कापल्याची सरळ धार बोटास लागली. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. रोज परमुलुखाच्या दुधातले पाणी पकडणारी आपण, आणि आपल्याच हातातले माप अपुरे निघाले, याची बाईंस फार लाज वाटली. तो कोपरा म्हणजे वीतभर काळी फळी. पण आठवडाभर यष्टीत जे मनात साठे ते सांगण्यास बाईंस जगात दुसरी जागा नव्हती.

रिजवानभाईंनी मसलत दिली की, पुस्तक हरवले म्हणून टाकू, कोण पुसतो? बाई म्हणाल्या, “न्हाय रिजवानभाई. दुधात पाणी सापडलं की मी लोकांचे कॅन परत धाडते. आता माझ्याच कॅनात सापडलं म्हणून झाकण लावू व्हय?”

मग कापणारा कोण, याचा शोध सुरू जाहला. शिवणीच्या खाचेत काळी भुकटी होती. भाईंनी ती हुंगिली आणि मान खाली घातली. मिश्री होती. मिश्रीचे बोट लावून पान उलटणारा वाचक अवघ्या वाचनालयात एकच, तालमीमागच्या चिमणाबाई आज्जी. एकट्या राहतात, आणि आठवड्यास दोन जाडजूड पुस्तके फस्त करितात. भाई दिलगीर अशाकरिता जाहले की, माडीवर भिंतीस नियम टांगला आहे: पुस्तक फाडील त्याचे सभासदत्व कायमचे बाद. आणि पुस्तके बंद झाली तर आज्जींच्या घरी बोलण्यास दुसरे कोणी नाही.

दोघे आज्जींच्या दारी गेले. आज्जींनी दोघांस पाहिले, पुस्तक पाहिले, आणि काय ते ओळखले.

“व्हय, मीच कापलं. म्हाताऱ्याच्या दाढीच्या पात्यानं. धार बघा, कशी सरळ हाय. भांडाय आला असशीला तर आधी चा घ्या.”

बाईंनी चहा घेतला आणि मग कारण पुसिले. आज्जी म्हणाल्या, “पोरगं दारात उभं ऱ्हातंय, हात वर करतंय, तितं माझा जीव गोळा झाला. म्होरं बघतोय तर सगळी नाचाय लागल्यात. म्हटलं, ही घाण दुसऱ्याला कशाला वाचाय लावायची. आगं, माझ्या दारावर टकटक झाली की उठायच्या आधीच मला बरं वाटतंय. दार उघडल्यावर निम्म्या वेळा गॅसवाला असतोय.”

मग आज्जींनी फळीवरून कांदा-लसणाच्या चटणीचे डबे उतरविले. डब्यांच्या तळाशी ती पाने अंथरली होती, तेलाने लाल झालेली. बाईंनी तिथेच बसून ती वाचिली. वाचता वाचता त्यांचा चेहरा असा होत गेला की, भाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. आणि मग बाईंच्या मनात एक भलताच संशय आला, आणि त्यांनी भीत भीत ‘सात चंद्रांचे बेट’ याविषयी पुसिले.

आज्जी म्हणाल्या, “ते व्हय? त्यात खलाशाची मेलेली बायको पुन्यांदा जित्ती हुती. कापलं.”

बाईंस प्रथम हसू आले, आणि मग डोळ्यांत पाणी आले. ज्या लेखकांच्या काळजाची तारीफ त्यांनी आजवर फलकावर केली होती, ते काळीज तालमीच्या मागल्या घरात मिश्री लावीत बसले होते. उठताना बाईंनी भाईंस बजाविले की, रविवारी आज्जींचे नाव कोणी घ्यावयाचे नाही. कोपरा गेला तरी बेहत्तर.

रविवारी तालमीत दरबार भरला. कुस्तीच्या हौद्याभोवती सतरंज्या टाकिल्या, तमाम पेठ लोटली, पलीकडल्या पेठेचीही कुमक आली, आणि अध्यक्ष हंबीरराव लोखंडी खुर्चीवर विराजमान जाहले. धैर्यशीलराव कोरी करकरीत प्रत घेऊन उभे राहिले. क्रांतीबाईंनी लढाईस तोंड लागण्यापूर्वीच कबूल केले की, पाने आहेत, आपली प्रत अपुरी होती, आपण हरलो. पलीकडल्या पेठेने शिट्ट्या मारिल्या. मग बाईंनी एकच अर्जी केली की, जी पाने पेठेने वाचिली नाहीत ती जेत्याने भर दरबारी वाचून दाखवावी, म्हणजे पुसताना आपण काय पुसतो ते पेठेस कळेल. हंबीररावांनी हुकूम दिला की, वाचावे.

रावांनी मोठ्या डौलाने आरंभ केला. दार उघडले. ड्रॅगन रडला. आपण शापामुळे सर्प जाहलो हे त्याने बारा पाने सांगितले, मग तेच त्याच्या बहिणीने पुन्हा सांगितले. दरबारातील काही मंडळी चहाचे निमित्त करून उठली. मग वारसाचे लग्न निघाले, मांडव पडला, आणि सात घाटांत जे जे मेले होते ते एकेक करून जिवंत होऊन पंगतीस बसले. पाठीमागून कोणी म्हणाले, एवढी माणसं मारली कशाला मग? हंबीररावांची मान छातीवर पडली. रावांचा आवाज हळूहळू उतरत गेला, आणि घोडा बोलू लागला तेथे ते थांबले, त्यांनी पुढली पाने चाळून पाहिली, आणि पुस्तक मिटिले.

हंबीरराव जागे होऊन म्हणाले की, पुरे करावे.

धैर्यशीलराव म्हणाले, “अध्यक्ष, घरात एकट्यानं वाचताना एवढं वंगाळ वाटलं न्हवतं. आता चार माणसांत लाज वाटाय लागलीया. टकटक केली तितंच बरं हुतं.”

दरबारात हशा पिकला, पण हंबीरराव हसले नाहीत. त्यांनी पुसिले की, मग आमच्या प्रतीतील पाने गेली कोठे? बाई हौद्यातील मातीकडे पाहू लागल्या. रिजवानभाई छताकडे पाहू लागले. इतक्यात बायांच्या सतरंजीवरून चिमणाबाई आज्जी गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, “तिला कशाला इच्यारतोस? मी कापलं. पानं माझ्या चटणीच्या डब्यांत हाईत.”

साऱ्या माना माडीकडे वळल्या. नियम भिंतीस टांगलेला, तो सर्वांस ठाऊक. हंबीररावांनी बराच वेळ आपला मोडका कान चोळिला. त्यांस तीच कादंबरी वाचून दोन दिवस गप्प बसल्याचे आठवले असावे. मग ते उठले आणि निवाडा दिला तो असा: क्रांतीबाई शर्त हरल्या, सबब आठ फॅट आपल्या हाताने पुसावे. आज्जींनी वाचनालयाचे पुस्तक कापिले हा गुन्हा. परंतु नियम फाडणाऱ्यास आहे, सरळ कापणाऱ्यास नाही, सबब सभासदत्व कायम. इतःपर पाने कापू नयेत. जो शेवट आज्जींच्या मनास येणार नाही, तो दाभण आणि दोरा घेऊन शिवून टाकावा. ज्यास उघडणे असेल त्याने आपल्या जोखमीवर उघडावा. चटणीच्या डब्यातील पाने पुसून पुन्हा आत लावून, प्रथम तीच शिवावी. फलकाचा कोपरा कोणाचा, ते धैर्यशीलरावांनी सांगावे, कारण जिंकले ते आहेत.

धैर्यशीलराव सतरंज्यांवरून वाट काढीत निघाले. दारी गेले, फलकाखालचा खडू उचलिला आणि बाईंच्या हाती दिला. बाईंनी ओल्या फडक्याने आठ फॅट पुसिले आणि नवा निवाडा लिहिला: ‘धुरकोटाचा वारस’, दोऱ्यापर्यंत फॅट आठ, दोऱ्यापुढे पाणी. दोऱ्यापर्यंतची मेहनत लेखकाची. शेवट, चिमणाबाई. आज्जींस अक्षर दिसेना, म्हणून रिजवानभाईंनी ते मोठ्याने वाचून दाखविले, आणि आज्जींनी पदर तोंडास लाविला.

मग पुढील आठवड्यात, दिवसाढवळ्या, आज्जींच्या दारावर टकटक जाहली. आज्जींस उठण्याआधी बरे वाटले, आणि दार उघडल्यावरही वाटले. गॅसवाला नव्हता. धैर्यशीलराव आपली कोरी करकरीत प्रत आणि दुसऱ्या दोन कादंबऱ्या काखेत मारून उभे होते. म्हणाले, “आज्जी, माझंबी तेवढं शिवून द्या. आत काय हाय ते ठावं हाय मला, पर इसरायचं हाय.”

येणेप्रमाणे करवीरच्या फलकाचा संग्राम समाप्त जाहला, उभय पेठांत सलोखा जाहला, आणि फत्ते कोणाची हे पुसाल तर दारी हात उचलून उभ्या असलेल्या त्या पोराची. वाचनालयाची प्रत तदनंतर पेठेत घरोघरी फिरून आली. रिजवानभाई ती परत घेताना आधी शेवट पाहतात. दोरा शाबूत आहे.