कॅसेटीतला आवाज संगणकी आणिला, त्या मोहिमेची बखर

श्री. आवाज निघोन जातो आणि कान मागे राहतात, त्या कानांस नमस्कार करोन लिहावयास घेतो. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख वद्य चतुर्थी, रविवार, ते दिवशी संकष्टी, एका राज्यात एक मोहीम जाहली, तिची ही हकीकत. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. राज्य म्हणजे दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढे पडवी इतकेच, परंतु रुसवे, तह आणि खलबते थोरल्या राज्यांस पुरून उरतील ऐसी. आम्ही तेथील चाकर नव्हे, शेजारी. मधली भिंत एका विटेची आणि आमचे कान शाबूत, म्हणोन पुढे जे लिहिले ते बहुतेक ऐकिलेले आहे, काही मागाहून त्या घरच्यांनी सांगितलेले आहे, आणि अगदी थोडे आमच्या पदरचे आहे.

त्या राज्यी मातुश्री सुलोचनाबाई मेस्त्री, वय वर्षे चौसष्ट, यांची सत्ता. पुत्र दिगंबरराव पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकुनी करीत आणि घरी आले की संगणकापुढे बसत. सून मृणालिनीबाई त्याच संगणकावरून दूरदूरच्या मुलांस गणित शिकवीत. मातुश्रींचे यजमान कैलासवासी वासुदेवराव हे पूर्वी समुद्रापलीकडे तेलाच्या मुलखी विजेचे काम करीत असत. ते समयी गावात फोन एकच, तो पोस्टात, आणि बोलावे तर मागे रांग उभी, सगळ्यांच्या समक्ष बोलावे लागे. म्हणोन उभयतांनी ऐसी रीत पाडिली की, यजमानांनी कॅसेटीत बोलावे आणि गावचा कोणी सुटीवर येईल त्याच्या बॅगेतून ती पाठवावी, मग मातुश्रींनी चार दिवस ऐकावे आणि पाचवे दिवशी लाल बटण दाबोन त्याच फितीवर आपले बोलणे भरावे, आणि ती कॅसेट परत जाणाराचे हाती द्यावी. शेजारचा डबा रिकामा परत करू नये, काहीतरी घालून द्यावा, तैशीच ही रीत. ऐसी आठ वर्षे एकच कॅसेट आली आणि गेली, आणि जो जो बोले तो तो दुसऱ्याचे बोलणे पुसोन बोले. यात काही वावगे आहे, ऐसे दोघांस कधी वाटले नाही.

मग शके १९१५ साली कॅसेट आली, तीत यजमानांनी बोलणे संपता संपता दशावतारी नाटकातले एक पद म्हटले. ते गाणारे नव्हेत, पद बेसूर म्हटले, मधोमध हसले, आणि पुन्हा म्हटले. मातुश्रींस ते पुसवेना. तेव्हा या खेपेस ही कॅसेट ठेवावी आणि उत्तर नव्या कॅसेटीत भरावे ऐसा विचार करोन त्यांनी बाजारातून नवी आणावयास सांगितली, आणि ती येते न येते इतकियांत बाराव्या दिवशी तार आली की, वासुदेवराव छातीत कळ येऊन तिकडेच वारले. उत्तर राहिले. दिगंबरराव ते समयी पाच वर्षांचे. बापाचा चेहरा फोटोत राहिला, आवाज त्या कॅसेटीत राहिला, आणि पुढे घरचा टेपरेकॉर्डर बिघडला तेव्हा मातुश्रींनी कॅसेट लोखंडी कपाटात पातळाच्या घडीत ठेविली. पंचवीस वर्षे ती कोणी ऐकिली नाही. दिगंबररावांस बापाचा आवाज कैसा होता हे आठवत नसे, आणि आठवत नाही हे ते कोणास सांगतही नसत.

या साली दिगंबररावांनी मनात घेतले की, कॅसेट कुजण्याआधी तीतला आवाज संगणकात आणावा. परंतु एकदम मोठ्या किल्ल्यावर जाऊ नये म्हणोन आधी लहान ठाणी घेतली. प्रथम रेडिओ धरिला आणि शेतकऱ्यांस खताविषयी सांगितलेला अर्धा तास संगणकात भरिला, जो आजवर कोणी उघडला नाही. मग मृणालिनीबाईंच्या माहेरची तबकडी वाजविण्याची पेटी आणिली आणि तबकड्यांतील गाणी घेतली, खरखरीसकट. मग मोबाइलातले मेहुणीचे निरोप घेतले, ते बहिणीबहिणींचे खासगी बोलणे पुसा म्हणोन मृणालिनीबाईंनी दोन दिवस अबोला धरिला. संगणकाचे पाठीस तीन भोके, गुलाबी, निळे आणि हिरवे. तार गुलाबी भोकात घातली तेव्हा आवाज फाटोन आला, निळ्यात घातली तेव्हा नीट आला, ही विद्या दिगंबररावांनी स्वतः कमाविली, आणि विद्या स्वतः कमाविली की थोडी ताठ मान येते तैसी त्यांस आली.

मग बाजारातील जुने रेडिओ दुरुस्त करणारे बाबली कारीगर यांस बोलाविले. ते आपला टेपरेकॉर्डर घेऊन आले आणि कॅसेट उजेडाकडे धरोन पुष्कळ वेळ पाहात राहिले. फितीची कड झिजलेली, वेटोळी एकमेकांस चिकटलेली. बाबली बोलिले, "एक खेप वाजतली. दुसरेची आशा धरू नको."

मातुश्रींनी विचारिले, "आणि पयल्या खेपेकच तुटली तर?"

बाबली टेपरेकॉर्डर तेथेच ठेवोन चहा न घेता गेले. ते ऐकोन मातुश्री दोन दिवस कपाटाची किल्ली कमरेस लावोन फिरत होत्या, देत नव्हत्या. तिसरे दिवशी त्या बोलिल्या, "ठेवन तरी काय करू? माझ्यामागे कोण ऐकतलो?" आणि कॅसेट पुत्राचे हाती दिली.

नेमिले दिवशी सकाळी मृणालिनीबाईंनी मुलांचा गणिताचा वर्ग घेतला. त्या कामी संगणकाचे माथ्यावर एक लहान कॅमेरा बसविलेला असे आणि त्यास आपला निराळा कान असे. संगणकाचा स्वभाव दरबारी मनुष्याचा, जो शेवटी येऊन बोलला त्याचेच ऐकावयाचे. वर्ग संपला, मुले गेली, परंतु संगणक कॅमेऱ्याच्याच कानाने ऐकत राहिला, निळ्या भोकाकडे त्याची पाठ. हे कोणास कळले नाही. अकराचे सुमारास दिगंबररावांनी तार निळ्या भोकात घातली, दोनदा ओढोन पाहिली, आणि मृणालिनीबाई पंखा बंद करावयास उठल्या, तो दिगंबरराव हसोन बोलिले, "असांदे पंखो. तारेक कान नसतत."

मातुश्री पाटावर बसल्या होत्या त्यांणी मान वर केली. "म्हणजे मी बोललंय तर ता आत जावचा नाय?"

"नाय गो आये. तू हयसर ढोल वाजय, तरी आत बाबांचोच आवाज जातलो."

त्यावर मातुश्रींची आज्ञा जाहली, "तर मग तुमी दोघां भायर बसा."

दिगंबररावांच्या मनात बापाचा आवाज पहिल्याने आपण ऐकावा ऐसे होते. एकतीस वर्षे ते त्याची वाट पाहात होते. परंतु मातुश्रींची मुद्रा पाहोन त्यांनी हट्ट धरिला नाही. टेपरेकॉर्डर सुरू केला, आणि संगणकाचे पडद्यावर हिरवी पट्टी नाचू लागली ती पाहोन निर्धास्त जाहले. पट्टी तारेतल्या आवाजाने नाचते की खोलीतल्या, हे पाहावयाचे राहिले, आणि सगळी चूक ती इतकीच. मग नवराबायको पडवीत बसली, दार लोटिले, आणि आतून काही अस्पष्ट ऐकू येई, शब्द कळत नसत. आमच्याकडे ते समयी बटाटे उकडावयास कुकर लाविला होता.

बावीस मिनिटांनी आत कड ऐसा आवाज जाहला. दिगंबरराव धावले. फीत तुटोन यंत्राचे दातांत गुंडाळली होती, काही केल्या सुटेना, ओढिली तेव्हा भुगा हाती आला. मातुश्री बोलिल्या, "सगळा वाजान झाल्यार तुटली. गाणा झाला आणि मगे तुटली." आणि पदराने डोळे पुसोन स्वयंपाकघरात पाणी प्यावयास गेल्या. दिगंबररावांनी देवाचे आभार मानिले, की तुटली तर तुटो, आवाज आला. आणि त्यांणी संगणकातील फाइल सुरू केली.

प्रथम पंख्याचा घरघराट आला. मग दार लोटल्याचा आवाज, मग कावळा. मग कोणी विहिरीत उभे राहोन बोलावे तैसा एक पुरुषाचा आवाज दुरून आला, आणि त्याचे वर, अगदी कानापाशी, मातुश्रींचा खोकला. दिगंबररावांनी तारेकडे पाहिले, कॅमेऱ्याकडे पाहिले, आणि सर्व समजले. कपाळास हात लावोन बोलिले, "माका बाबांचो आवाज होयो होतो, आणि मी पंखो भरलंय. एकच खेप होती गो. एकच."

मृणालिनीबाईंनी त्यांचे खांद्यावर हात ठेविला आणि हळूच म्हणाल्या, "ऐका तरी. ह्यो आवाज हुबेहूब तुमचो आसा."

आणि खरेच होते. तेच शब्द खेचणे, तेच वाक्याअखेर श्वास टाकणे. दिगंबरराव दुरून येणाऱ्या त्या आवाजाकडे कान देऊन बसले. यजमान पावसाची विचारपूस करीत होते, आणि मातुश्री मध्ये मध्ये उत्तर देत होत्या, जणू ते पडवीत बसले आहेत. यजमान विचारीत, "दिगू शाळेत जाता काय?" आणि मातुश्री सांगत, "आता हापिसात जाता. केस पिकले तेचे." यजमान म्हणत, "माडाक पाणी घालतंस मा?" आणि मातुश्री सांगत, "तो माड पडलो हो. वाऱ्यान पडलो." मग सतरावे मिनिटास यजमान थोडे थांबले, घसा साफ केला आणि बोलिले, "सायब म्हणता, आणखी दोन वर्सां रव. मी म्हटलंय, घराकडे इचारतंय आणि सांगतंय. तू येवा म्हटलंस तर ह्या मार्गशीर्षात येतंय, कायमचो. काय ता कळव."

पुढे नुसती फीत सरकल्याचा आवाज. मग आमच्या कुकराची एक शिटी. मग मातुश्री बोलिल्या, "येवा."

आणि जरा वेळाने, "पयल्याच दिसा सांगूचा होता. तुमचा गाणा पुसूक माझो हात होयना, म्हणान थांबलंय. नवी कॅसेट आणूक धाडलेलंय. माका काय म्हायत. येवा हो तुमी." आणि तितक्यात दुरून ते बेसूर पद सुरू जाहले, आणि त्यावर मातुश्रींचे रडणे, आणि यजमान हसले तेथे मातुश्रीही हसल्या.

दिगंबररावांनी आवाज थांबविला. मागे वळोन पाहतात तो मातुश्री हाती पाण्याचे भांडे घेऊन दारात उभ्या. त्यांणी सर्व ऐकिले होते. एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांणी कोणास सांगितला नव्हता, पुत्रासही नाही, आणि आता तो पंख्याच्या घरघरीसकट चव्हाट्यावर आला. दिगंबरराव उठोन उभे राहिले. म्हणाले, "आये, माझी चूक झाली. तुझा बोलणा तुझ्यापुरता होता. तू सांगशीत तर पुसान टाकतंय."

"आणि तेंचा?"

"दोघांचा एकातच आसा. येगळा करूक येवचा नाय."

मातुश्रींनी भांडे खाली ठेविले. मग बोलिल्या, "पुसू नको. आठ वर्सां आमी एकमेकांचा पुसतच इलंव. एका कॅसेटीर दोघांचो आवाज कधी रवलोच नाय. ह्यो रवलो. रवांदे." आणि संकष्टीचे मोदक करावयाचे राहिले आहेत म्हणोन सुनेस हाक मारीत आत गेल्या. दिगंबरराव तैसेच बसोन राहिले आणि लहान मुलाप्रमाणे रडले, भिंतीपलीकडे आम्हांस ऐकू आले.

येणेप्रमाणे मोहीम जाहली. लहान ठाणी तीन घेतली, थोरला किल्ला भलत्याच दरवाजाने हाती आला. फीत गेली. फाइलीचे नाव आधी "बाबा" ऐसे होते, ते बदलोन "आई आणि बाबा" ठेविले, आणि तिच्या नकला तीन जागी केल्या. पंख्याचा आवाज युक्तीने काढिता येतो ऐसे कळते, परंतु त्यासंगे कोणाचा एखादा शब्द जाईल म्हणोन काढिला नाही. शिटी आमची आहे, तीही राहिली. आम्ही मात्र त्या दिवसापासोन कुकर लावण्याआधी भिंतीस कान लावितो आणि पलीकडे कोणी बोलत असेल तर थांबतो. लेखनसीमा.