लंगरातले हवालदार

हिर्डोशीला जाणारी एसटी आमच्या फाट्यावर उशिरा आली, तर ड्रायव्हरला कारण सांगावं लागतं. मला नाही. धुमाळ हवालदारांना.

हवालदार गाडीच्या आधी पंधरा मिनिटं फाट्यावर हजर. कडक इस्त्रीचा सदरा, चकचकीत बूट, छाती पुढं. गाडी थांबली की घड्याळ बघून म्हणणार, "सात मिन्टं लेट. कारण?" आणि ड्रायव्हर चक्क सांगतो, "साहेब, पुलावर टेम्पो आडवा झाला हुता." मी हात केला की हाच गृहस्थ गाडी वीस पावलं पुढं नेऊन थांबवतो आणि मला पळायला लावतो.

मी गावच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तर होतो. निम्म्या गावाला सही करायला मी शिकवलं. पण हवालदार फौजेतून निवृत्त होऊन शेजारी राहायला आले आणि माझं सगळं मागं पडलं. लग्नात पहिला फेटा त्यांना. पंचायतीत पहिली खुर्ची त्यांना. माझी बायको सुमन त्यांचं अंगण दाखवून म्हणायची, "बघा, एक पान पडलेलं न्हाई. तुमी बसा पेपर वाचत."

खरा घाव पंधरा ऑगस्टच्या तोंडावर बसला. निवृत्त झालो तरी झेंडा फडकवायचा मान माझाच होता. औंदा सरपंच घरी आले. म्हणाले, "गुरुजी, तुमी भाषण करा. झेंडा हवालदार फडकवतील. माजी सैनिक हायत." मी हसून "उत्तम, उत्तम" म्हणालो आणि त्या दुपारी जेवलो नाही.

तेवढ्यात भोरच्या बाजारात त्यांच्याच मावसभावाकडून कळलं, की हवालदार फौजेत आचारी होते. आचारी! मी मनातल्या मनात पेढे वाटले. पंधरा ऑगस्टला पाऊण तास बोललो आणि शेवटी गोड आवाजात म्हणालो, "आता हवालदार आपल्याला एखाद्या लढाईची हकिकत सांगतील."

हवालदार उठले. "म्या लंगरात हुतो. स्वैपाकी. बंदूक शिकलो, पण हातात जास्त कालथाच हुता. वर बर्फात पोरं असायची. त्यांना गरम जेवाण पोचवायचं. त्येवढंच केलं."

आणि बसले.

तशा टाळ्या माझ्या पाऊण तासाला पडल्या नव्हत्या. म्हाताऱ्या पुढं येऊन त्यांच्या तोंडावरून हात फिरवू लागल्या. मी माईकची वायर गुंडाळत बसलो.

दर गुरुवारी ते मोठी पिशवी घेऊन हिर्डोशीकडं जायचे. तिकडंही सत्कार होत असणार आणि शाली आणायला पिशवी लागत असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. पुढच्या गुरुवारी मीही गाडीत चढलो.

"गुरुजी, कुठं?"

"असंच. हवा खायला."

"चला मग."

उतरून अर्धा तास डोंगर चढलो. वाडीतल्या एका पडवीत एक म्हातारा बसला होता. सखाराम, त्यांच्याच पलटणीतला. दोन्ही हातांची बोटं बर्फानं नेलेली.

हवालदारांनी पिशवीतून डबा काढला. नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी. एकेक घास मोडून ते सखारामला भरवू लागले.

"मीठ जास्त पडलंय," सखाराम म्हणाला.

"गप गिळ."

"लंगरात बी असंच करायचास."

सून दाराशी उभी होती. हळूच मला म्हणाली, "माझ्या हातचं मामंजी मान खाली घालून खात्यात. हवालदारकाका आले की भांडून खात्यात."

एक घास सखारामला, एक स्वतःला, असा दोघांनी डबा संपवला. मग हवालदारांनी त्याचं तोंड पुसलं. बोटं नसलेल्या त्या माणसाचा मला इतका हेवा वाटला, की मी उठून अंगणात गेलो. माझ्याशी असं भांडणारं कुणी नव्हतं.

परतीच्या गाडीत विचारलं, "घरी रोज काय करता जेवायला?"

"मंडळी गेल्यापासनं एकट्यापुरती चूल पेटवाया हात उठत न्हाई, गुरुजी. चहा-बिस्कुटावर भागतं. गुरवारी दोघांचं करतो, तवा जेवतो."

आमच्या दोन घरांत एकच भिंत. मला इतकी वर्षं त्यांचा फेटाच दिसत होता.

"उद्या दुपारी आमच्याकडं या जेवायला," मी म्हणालो.

त्यांनी रिकामा डबा पिशवीत नीट बसवला. "येतो. पण स्वैपाक म्या करणार."

शुक्रवारी त्यांनी सुमनला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. तिनं भात दोनदा मागून घेतला. माझ्या देखत, एकदाही न कुरकुरता! मीही वाटी पुढं केली. हवालदार मात्र पातेलं धरून उभेच, कुणाचं ताट रिकामं होतंय यावर डोळा ठेवून.

शेवटी सुमननं त्यांच्या हातातून पळी काढून घेतली. "भावजी, बसा आता. मी वाढते."

ते बसले. तिनं वाढलं. पहिला घास त्यांनी हातात धरला आणि मान खाली घातली. आम्ही दोघंही दुसरीकडं बघत राहिलो.