स्कीचा पारखी

"भाड्याच्या स्की? भाड्याचे बूट? शंभर जणांच्या घामात मुरलेल्या बुटात माझी लेक पाय घालणार? ते पॅरिसवाल्यांना शोभतं, आपल्याला नाही!"

फाब्रिसने चीजचा तुकडा सुरीच्या टोकावर नाचवत हे जाहीर केलं, तेव्हा फ्रान्समधल्या माकाँ गावात नुकता नोव्हेंबर लागला होता. साओन नदीने धुक्याची गोधडी डोक्यावरून ओढून घेतली होती आणि फेब्रुवारीच्या सुट्टीला चांगले तीन महिने होते. पण फाब्रिसचं नियोजन ते! लग्न लांब, आणि नवरदेव कधीचा घोड्यावर! आल्प्सच्या कुशीतलं, लेकुरवाळ्यांसाठी नावाजलेलं व्हाल-फ्लोरीन गाव त्याने दर वर्षीप्रमाणे उन्हाळ्यातच ठरवलं होतं. ऑक्टोबरभर तो रोज सकाळी तिथल्या डोंगरावरचा कॅमेरा संगणकावर उघडून बर्फाची पाहणी करी. पडद्यावर हिरवंगार कुरण दिसे आणि कुरणात एक गाय. "लक्षणं चांगली आहेत," तो गंभीरपणे म्हणे.

त्याची सासू, जिनेत, सगळं ऐकून घेई आणि पाव मोडत राही. आज मात्र ती बोलली. "जावईबापू, मागच्या वर्षी बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या आणल्यास त्या भलत्याच गाडीच्या. त्याच्या आदल्या वर्षी वाट चुकून आधी भलत्याच दरीत नेलंस. ह्या खेपेला एक चूक, फक्त एक, झाली, तर पुढचं सगळं मी ठरवणार. कुणी किती वाजता काय करायचं तेसुद्धा!"

"मंजूर!" फाब्रिस म्हणाला. वर्षातले एक्कावन्न आठवडे त्या घरात त्याला विचारून कुणी खिडकीही उघडत नसे. बावन्नावा, बर्फातला, तेवढा त्याचा होता. आणि तो त्याला हातातून जाऊ द्यायचा नव्हता, कारण त्या आठवड्याच्या पोटात एक गुपित होतं.

गुपित असं, की फाब्रिसला स्की येत नव्हती. पाच हिवाळे तो खांद्यावर स्की मिरवत निघे, वळणावरच्या उपाहारगृहापाशी त्या बर्फात रोवी, आणि उन्हात बसून गरम वाइन घेई. संध्याकाळी उन्हाने भाजलेलं लालबुंद तोंड घेऊन घरी येई. "दमलो बुवा! आज वरच्या उतारावर काय वारा होता!" उंबरठ्यात शूर, उतारावर चूर! पण वेळापत्रक तोच आखत असल्याने कुणी कधी त्याच्या वाटेला गेलं नव्हतं.

माकाँत दर नोव्हेंबरात शाळेच्या व्यायामशाळेत पालकसंघ जुन्या स्कींचा बाजार भरवतो. पोरांचे पाय वाढतात, बूट बिचारे आहेत तेवढेच राहतात. शुक्रवारी आपलं सामान नेऊन द्यायचं, संघाचे लोक त्यावर नंबराची चिठ्ठी डकवतात. शनिवारी ज्याला हवं त्याने घ्यायचं.

"तळघरातल्या आपल्या स्की मी देऊन टाकते," फाब्रिसची बायको सोलेन गुरुवारी म्हणाली.

"दे, दे! ते भंगार काढ एकदाचं," तो पडद्यावरच्या गायीवरची नजर न काढता म्हणाला.

सोलेनच्या भावाने त्या रात्री स्कींना मेण लावलं, कडा घासल्या, आणि भंगाराची नवरी झाली.

शनिवारी सकाळी नऊ वर्षांच्या आपोलीनचा हात धरून फाब्रिस व्यायामशाळेत शिरला. कोपऱ्यातल्या टेबलावर सोलेन आणि जिनेत संघासाठी कुरकुरीत गोफ्रेत बिस्किटं विकत होत्या. त्यांच्याकडे त्याने सेनापतीसारखा हात केला, आणि स्कींच्या रांगेत नजर टाकताच थबकला. आहाहा! निळी जोडी, टोकाला चंदेरी रेघ! पाच वर्षं जी खांद्यावर वागवली तिलाच तो आज पहिल्यांदा नीट बघत होता.

"बाबा, ही तर आपली..."

"शू! आपलीच होणार! पण तोंडावर आनंद दाखवू नकोस, लोक झडप घालतील!"

झडप पडलीच. हिरव्या टोपीतल्या एका गृहस्थाने दुसरं टोक धरलं. "महाशय, ही मी आधी पाहिली."

"पाहणं वेगळं आणि पारखणं वेगळं!" फाब्रिसने हिसडा दिला. टोपीवाल्यानेही हिसडा दिला. दोघं रस्सीखेचीला लागले. भोवती माणसं जमली, आणि माणसं जमली की फाब्रिसच्या जिभेला पाय फुटत. "हिचा तळ बघा! आरसा आहे आरसा! पाच वर्षांपूर्वीचा बांधा आणि अंगावर एक ओरखडा नाही! याचा अर्थ काय?"

"काय?" टोपीवाल्याने विचारलं.

"अर्थ असा, की हिचा मालक एक नंबरचा भित्रा! मेंढरू! तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर जायचं म्हटलं की ह्याची पाटलोण ढिली! दिवसभर उपाहारगृहात पाय पसरून गरम वाइन ढोसायची, आणि संध्याकाळी घरी येऊन 'दमलो बुवा'! असली माणसं मी पुरती ओळखून आहे!"

इतकं बारीकसारीक त्याला कसं ठाऊक, हे कुणी विचारलं नाही. टोपीवाल्याने हसून जोडी सोडून दिली. आपोलीनने पुन्हा बाही ओढली. "बाबा, ऐक ना..." "घरी गेल्यावर!"

पैसे घ्यायला पेराशोंबाई बसल्या होत्या. त्यांनी नंबर पाहिला, वही उघडली आणि चष्म्यावरून फाब्रिसकडे पाहिलं.

"मादाम, ह्या नंबराचा मालक कोण? नाव वाचा."

"नाव सांगायची पद्धत नाही हो, महाशय."

"पद्धत गेली खड्ड्यात! मोठ्याने वाचा! अशा नमुन्याचं नाव गावाला कळायलाच पाहिजे!"

"नका लावू वाचायला."

"वाचाच!"

पेराशोंबाईंनी चष्मा सारखा केला. "फाब्रिस ब्युसिए."

व्यायामशाळेत कुणाच्या तरी दाताखाली गोफ्रेत मोडलं, तेवढाच आवाज.

"ना... नावात काय आहे!" फाब्रिस हसला. "माकाँत ह्या नावाची ढीगभर माणसं असतील!"

"पत्ताही वाचू?"

"नको! म्हणजे... मला ठाऊकच होतं! शाळेला चार पैसे मिळावेत म्हणून मी मुद्दाम..."

"स्वतःला मेंढरू म्हणून घेतलंत," टोपीवाला म्हणाला. "केवढा हा त्याग!"

जिनेत एप्रनला हात पुसत आली. तिने जावयाच्या काखेतली नियोजनाची वही अलगद काढून घेतली. "एक चूक म्हटलं होतं मी. तू तर स्वतःच्याच वस्तूला गिऱ्हाईक झालास." तिने व्हाल-फ्लोरीनच्या पानावरचं सगळं वेळापत्रक आडव्या रेघेने खोडलं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'सोमवार, सकाळी नऊ. फाब्रिस. नवशिक्यांचा वर्ग.'

फाब्रिसचं तोंड पांढरंफटक पडलं. "नवशिक्या? मी? सोलेन, तुझ्या आईला सांग जरा! पाच वर्षं मी वरच्या उतारावर..."

"अरे, पुरे कर," सोलेन हळूच म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं. तिच्या आवाजात कीव होती. "पाच वर्षं सगळ्या दरीला ठाऊक आहे. पोरांचा वर्ग त्या उपाहारगृहावरूनच खाली येतो. मास्तर पोरांना काय सांगतात माहितीय? 'त्या लाल टोपीवाल्या काकांपाशी उजवीकडे वळा.'"

"तू हलायचा नाहीस ना, म्हणून," आपोलीन समजावणीच्या सुरात म्हणाली. "एकदा तू आत गेलास, तेव्हा आमचा अख्खा वर्ग चुकला."

फाब्रिस बाकावर बसला. आपली स्की आपल्याच मांडीवर आडवी घेऊन, रुसलेल्या पोराला थोपटावं तशी थोपटत राहिला. लोक पांगले. पेराशोंबाईंनी पुढच्याला हाक मारली. आपोलीन त्याच्या शेजारी सरकली आणि कानाशी तोंड नेऊन कुजबुजली, "घाबरू नकोस हं, बाबा. पहिल्या दिवशी मास्तर हात धरतात."

फाब्रिसने इकडेतिकडे पाहिलं. सासू लांब होती.

"दोन्ही?" त्याने विचारलं.