सरावाच्या खोलीची कडी

निरोप समारंभाला अर्धा तास उरला होता आणि पुष्पांजली वायाळ यांच्या हातात सरावाच्या खोलीच्या दाराची कडी आली. नुसती कडी. दार होते तिथेच होते, घट्ट मिटलेले.

मेहकरच्या एका अध्यापक महाविद्यालयात त्यांनी एकतीस वर्षे भावी शिक्षकांना समुपदेशन शिकवले होते. सकाळपासून जो भेटेल तो एकच विचारत होता, "मॅडम, उद्यापासून काय?" त्या हसून पुढे जात, पण आत भीती होती. ती अकराच्या समारंभाआधी पुसून टाकावी म्हणून त्या दहा मिनिटे एकट्याच इथे येऊन बसल्या होत्या.

त्यांनी दार ठोठावले. पण ही खोली त्यांनीच भांडून मिळवलेली. तांड्यावरची मुलगी असो की मोहल्ल्यातली आई, तिचे बोलणे बाहेर जाता कामा नये, म्हणून भिंतींना आणि दाराला जुन्या गोधड्या ठोकून घेतलेल्या. आवाज गोधड्यांतच जिरला. बाहेर स्टुलावर शिपाई पुंजाजी बसलेला असणार, हेही त्यांना ठाऊक होते. 'आत बोलणे चालू आहे' ही पाटी त्यांनी आजही सवयीने दारावर लावली होती; ती दिसली की तो मोबाइल बंद करून पहारा देई आणि प्राचार्यांनाही आत सोडत नसे. ही शिस्तही त्यांनीच लावलेली. प्राचार्यांना फोन केला, तर तो नुसताच वाजत राहिला. हॉलमध्ये माइकची तपासणी जोरात चालली होती.

मग त्यांनी समताला फोन लावला. त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता सुलतानपूरच्या शाळेत शिक्षिका. समारंभासाठी आलेली, पन्नास पावलांवर हॉलमध्ये बसलेली.

"समता, मी सरावाच्या खोलीत अडकली. कडी तुटली. लवकर ये."

पलीकडून अगदी मऊ आवाज आला. "हं. मी ऐकून राह्यली, मॅडम. एकट्याच आहा काय तिथं?"

"हाव, एकटीच."

"मग मनात काय काय येऊन राह्यलं?"

पुष्पांजलीबाईंनी कपाळाला हात लावला. दर गुरुवारी सरावासाठी त्या आवाज बदलून विद्यार्थ्यांना अचानक फोन करत. कधी जानेफळचे चिडके आजोबा होत, कधी उर्दू शाळेतल्या मुलाची अम्मी, कधी ऊसतोडीवरून परतलेली पोर. समोरच्याच्या बोलीत बोलायचे आणि आधी नुसते ऐकायचे. घाईने सल्ला दिला की मार्क गेले.

"अवं, हा सराव नाही. खरंच अडकली मी."

"तसं तं तुम्ही दर खेपेले म्हणत. सांगा, मले घाई नाही."

राग यायला हवा होता. पण आठवली ती पहिल्या महिन्यातली समता, आपल्या बोलीला कोणी हसेल म्हणून वर्गात तोंड न उघडणारी. मार्क द्यायचे तर दहापैकी नऊ. बाईंना भरून आले, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आले की आपण अजून आतच आहोत.

मग फोन धम्मरत्नाला, तोही जुना विद्यार्थी. त्याला दिसत नसे. त्याच्यासाठी त्यांनी वर्गाला नियम घातला होता, बोलण्याआधी प्रत्येकाने आपले नाव सांगायचे. पुढे ती पोरे टपरीवर चहासुद्धा नाव सांगूनच मागत.

"आज आवाज नाही बदलला तुम्ही," धम्मरत्न कौतुकाने म्हणाला. "नवीन प्रकार भारी हाये, मॅडम. थांबा, बाकीच्यांलेही सांगतो."

त्याने सांगितले. पाच मिनिटांत फोनवर फोन येऊ लागले. कोणी मन लावून ऐकायला तयार होता, कोणी रुसला होता, "आमच्या बॅचले काऊन नाही केला?" एकाने तर अम्मीच्या आवाजाची फर्माईश केली. बॅटरी तीन टक्क्यांवर आली.

उरला गणेश. दोनदा नापास. समोरच्याने तोंड उघडले की हा सल्ला देऊन मोकळा. आजोबा झालेल्या मॅडमना त्याने भर परीक्षेत गुडघ्यांना लावायचे तेल सांगितले होते. तिसऱ्या खेपेला तो सुटला, तोही खोकल्याने घसा बसला होता म्हणून.

"गणेश, मी सरावाच्या खोलीत..."

"दारापासून मागं सरका. घाबरू नका. अन् पाणी प्या."

फोन बंद पडला. सराव कुठे संपतो आणि खरे कुठे सुरू होते, हे गणेशला कधीच कळले नव्हते. तो हॉलच्या दारावर तोरण ठोकत होता; हातोडी तशीच घेऊन पळाला. "आत बोलणं चालू हाये" म्हणत पुंजाजी आडवा येईपर्यंत बिजागऱ्या निघाल्या होत्या. आवाजाने समता, धम्मरत्न आणि निम्मा हॉल धावत आला.

आत मॅडमच्या डोळ्यांत पाणी होते.

"काऊन रडून राह्यल्या?" गणेश म्हणाला. "दार तं उघडलं."

"दाराचं नाही रे. उद्यापासून काय करू, तेच समजून नाही राह्यलं मले."

सगळे जवळ सरकले. समताने हळूच "हं" म्हटले. धम्मरत्नाने मान हलवली. इतके सुंदर ऐकणे त्या खोलीने कधी पाहिले नव्हते.

"त्यात काय?" गणेश म्हणाला. "सोमवारी जानेफळले या. माह्या शाळेत विटभट्टीवरची पोरं हायेत, चार मुलखाची. माह्याजवळ बोलतच नाहीत, मी मधातच सांगत सुटतो. तिथं ऐकणारं माणूस पाह्यजे."

अशा उत्तराला मॅडम पाच मार्क कापत. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"सकाळची बस किती वाजता असते?" त्यांनी विचारले.