आबांच्या खोलीतले उलटे दिवे

खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीची चौकशी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आबा घाडी कुणाच्याही घरी गेले, की आधी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहत. मग यजमानाला विचारत, "तिका झेपता काय?" म्हणजे खुर्चीला पेलवेल का. स्वतः आबा वजनाने दोन उशांइतके. तरी विचारत. खुंटीला शर्ट लावण्याआधी खुंटी हलवून बघत. त्यांच्याकडे जेवायला बसलं, की भाताचा दुसरा डाव हातात धरून पाहुण्याच्या पोटाकडे बघत, "झेपता काय?" एका लग्नात मांडवाच्या खांबांबद्दल त्यांचं समाधान झालं नाही, तर अक्षता त्यांनी रस्त्यावरून टाकल्या. त्या नवरीपर्यंत पोचल्या नाहीत, एका टॅक्सीवाल्याला लागल्या.

आबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, वायरमन होते. संप झाला, लांबला, गिरणीला कुलूप लागलं. आमच्या लालबागच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर, त्यांच्या गावाची खोली होती. म्हणजे खोली एक आणि मालक सगळा गाव. कोकणातल्या त्या गावचे एकोणीस गिरणीकामगार तिथे पाळीपाळीने झोपायचे. प्रत्येकाची एक ट्रंक, एक खिळा आणि अंथरुणापुरती जागा. संपानंतर एकेक करत अठराजण गावी गेले. ट्रंका राहिल्या आणि ट्रंकांबरोबर आबा राहिले.

मी तेव्हा दादरला एका क्लासमध्ये काँप्युटर शिकवत असे. म्हणजे सोमवारी जे वाचत असे ते मंगळवारी सांगत असे. त्यामुळे बुधवारी कुणी शंका विचारली की मी ती गुरुवारवर ढकलत असे. पण चाळीत मला 'काँप्युटरवाला' म्हणत आणि मीही ते नाकारत नसे. आबा मात्र मला 'मास्तर' म्हणत आणि तो शब्द उच्चारताना उगाच खोकत.

एक दिवस ते म्हणाले, "मास्तर, होळयेनंतर हंय खोलयेत गावकी जमतली. दाजी म्हणता, खोली देवन टाकूया. रवता कोण थंय?"

दाजी म्हणजे गावकीचे अध्यक्ष. दाजी बोलले की ते झाल्यातच जमा.

आबांच्या डोक्यात एक फळा होता. फळ्यावर एकोणीस नावं आणि प्रत्येक नावाखाली एक लाल एलईडी, म्हणजे मसुराएवढा दिवा. खोलीत आलेल्याने आपला नंबर दाबायचा, की त्याचा दिवा लागणार. जाताना दाबायचा, की विझणार. "आपला नाव पेटलेला बघल्यार," आबा म्हणाले, "माणूस खोली देवचो नाय."

मी छाती काढून म्हणालो, "हात्तिच्या! हे माझं एका रविवारचं काम."

चोरबाजारातून मी एका परदेशी काँप्युटरचं भंगारातलं कार्ड आणलं. त्यावर आकड्यांच्या कळा होत्या आणि चाळीस पायांची एक काळी चीप होती. तिच्या चोवीस पिनांमधून हुकूम बाहेर येत. मी एकोणीस पिनांना एकोणीस दिवे सरळ जोडले. मधे काही नाही. पिन, दिवा, संपलं. बटण दाबलं. दिवे क्षणभर आजारी माणसासारखे लुकलुकले, चीप तव्यासारखी तापली आणि खोलीत असा वास सुटला की शेजारच्या वहिनी दूध बघायला धावल्या.

"चीप डुप्लिकेट होती," मी म्हणालो.

आबांनी चीप हातात घेतली. त्यांचा चेहरा अपघात झालेल्या माणसाला बघावं तसा झाला होता. "मेल्या मास्तर, तिका इचारलंस काय, झेपता काय म्हणान?"

"चीपला?"

"पिन काय हमाल आसा? पिन म्हणजे जॉबर, मुकादम. जॉबर कधी कापडाची गाठ उचलता? तो बोट दाखयता, गाठ हमाल उचलता."

मग त्यांनी मला, क्लासच्या मास्तराला, जमिनीवर बसवून शिकवलं. प्रत्येक पिनेच्या बाजूला एक ट्रान्झिस्टर बसवायचा, तो हमाल. पिनेने नुसता इशारा करायचा, दिव्याचा भार ट्रान्झिस्टरने घ्यायचा. दोघांच्या वाटेवर रेझिस्टर ठेवायचे. ते गिरणीच्या गेटवरचे वॉचमन, एकदम गर्दी आत सोडत नाहीत. शिवाय या जुन्या चिपांची एक खोड. वर ढकलायला त्यांच्यात जोर नसतो, खाली ओढायला थोडाफार असतो. "माळ्यार ट्रंक चढवक दोन माणसा लागतत," आबा म्हणाले, "उतरवक एक पुरे. म्हणान पिनेक उतरवणीचा काम देवचा. पिनेर शून्य इलो काय दिवो पेटतलो, एक इलो काय विझतलो. उलटा आसा. ध्यानात ठेव."

"हो, हो," मी म्हणालो. माझं लक्ष तेव्हा सभेत आपण करायच्या भाषणाकडे होतं. त्यातलं 'गिरणगावातील संगणकयुगाची पहाट' हे वाक्य मला फार आवडलं होतं.

तशीच दुसरी चीप शोधायला आबा तीन दिवस भंगारवाल्यांकडे फिरले. मिळाली ती एकच. ती त्यांनी रुमालात गुंडाळून, कुणाचा धक्का लागू नये म्हणून लालबागपर्यंत चालत आणली. मग एकोणीस ट्रान्झिस्टर त्यांनी स्वतः डाग देऊन जोडले. प्रोग्रॅम मी लिहिला, चोवीसही पिनांचा एकदमच. हजर असेल त्याला एक, गैरहजर असेल त्याला शून्य. किती सरळ!

सभेच्या आदल्या दिवशी फळा चालू केला. एकोणीसच्या एकोणीस दिवे झळकले. आबांचे डोळे भरून आले आणि माझी छाती आणखी एक इंच पुढे आली. "आता एकदोन नंबर दाबून बघू," मी म्हणालो.

आबांनी माझा हात धरला. "माणूस नसताना तेचो नंबर दाबूचो नाय. खोटी हजेरी लावूची नाय." बावीस वर्षं त्यांनी गिरणीत कुणाची खोटी हजेरी लावली नव्हती. आता मला लावू देतील कशी? स्वतःचा नंबरही ते सगळे आल्यावरच दाबणार होते. मीही आग्रह केला नाही. सगळे दिवे लागले होते. आणखी काय तपासायचं?

सभेच्या सकाळी सगळे आले. मी इस्त्रीचा शर्ट घालून फळ्याशेजारी उभा राहिलो. सगळ्यात वडील पांडू मेस्त्री पुढे झाले, त्यांनी आपला नंबर दाबला आणि त्यांचा दिवा गेला.

मी फळ्याला एक टिचकी मारली.

"मी आत इलंय आणि माजो दिवो गेलो?" मेस्त्री माझ्याकडे वळले. "अरे, मी जितो आसंय मरे!"

दुसऱ्याने दाबला. गेला. तिसऱ्याचाही गेला. एकेक करत आबांपर्यंत सगळ्यांचे गेले. कुणीतरी म्हणालं, "काँप्युटर हजेरी लावता काय माणूस मारता रे ह्यो?" मेस्त्री बाहेर जाऊन, चपला घालून, पुन्हा आत येऊन बघत होते, दाबला की लागे, दाबला की जाई. संगणकयुगाची पहाट लिहिलेला कागद मी घडी घालून खिशात ठेवला. आबा खाली बघत होते. त्यांना कळलं होतं चूक कुणाची, तरी ते आपलेच डाग तपासू लागले.

दाजींनी घसा साफ केला. "आबा, पुरे झाला. खोलयेचा बोलूया."

"थांब रे दाजी," मेस्त्री फळ्यापाशीच होते. त्यांनी मला विचारलं, "म्हणजे मी हंय आसलंय काय दिवो नाय. मी गावाक आसलंय काय माजो दिवो हंय पेटतलो?"

"तसंच... दिसतंय," मी म्हणालो.

"वर्षाचे बारा महिने?"

"हो."

मेस्त्री ट्रंकेवर बसले. "दाजी, मगे खोली कशी देवची? माजो दिवो पेटलेलो सोडून?"

दाजी फळ्याकडे बघत राहिले. तिथे त्यांचं स्वतःचंही नाव होतं, नंबर एक. मग म्हणाले, "बघूया फुडल्या वर्साक." दाजींनी आपलं बोलणं मागे घेतल्याचं गावाने पहिल्यांदाच ऐकलं.

दोन दिवसांनी सगळे गावी गेले. जाताना प्रत्येकाने आपला नंबर दाबला. मी चूक दुरुस्त करायला गेलो. प्रोग्रॅममध्ये एका ओळीचा फरक, पाच मिनिटांचं काम.

खोलीत गावी गेलेल्या अठराजणांचे दिवे पेटलेले होते. फक्त 'आबा' या नावाखाली अंधार होता.

"रवांदे," आबा म्हणाले. "बरोबर आसा ता."

मला काय सुचलं कुणास ठाऊक. त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "आबा, तुम्हाला झेपतं का? एकट्याला?"

ते फळ्यापाशी गेले. फळ्यामागे हात घालून एकेका ट्रान्झिस्टरला बोट लावून बघू लागले, पोराचा ताप बघावा तसे. सगळे बघून झाल्यावर म्हणाले, "कोणच तापलेलो नाय." मग म्हणाले, "पाच पिनो रिकाम्यो होत्यो. एक सकाळी जोडलंय. तुजो नंबर वीस. जाताना दाबून जा."

तेव्हा मला फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेलं 'मास्तर' दिसलं. खाली दिवा पेटलेला होता. मी आत होतो, म्हणून दाबून तो विझवला. हजेरी खोटी नको. थोडा वेळ बसलो, न विचारता वाढलेला भात न विचारता खाल्ला आणि उठलो.

दारात पुन्हा वीस दाबला. माझ्याकडे पाठ करून आबा फळ्यावरचे दिवे बोटाने मोजत होते. शेवटच्या दिव्यापाशी बोट थांबलं.

"एकोणीस," ते म्हणाले. "भरली खोली."