टोपलीचा वाटा

भागाकार कसा शिकवावा ते मला विचारा! डी.एड. झालेल्यांना नको, ते फळ्याशीच बोलतात. मी दहावी केली अडतिसाव्या वर्षी, मुलाची जुनी पुस्तकं वाचून. आणि भागाकार शिकले घरच्या नऊ तोंडांना भाकऱ्या पुरवताना. म्हणूनच पोलादपूरकडच्या आमच्या वाडीतल्या शाळेत चार वर्ग एकट्याने हाकणाऱ्या राजेंद्र सरांना मी ठणकावून सांगितलं, "तिसरी मला द्या. पगार नको."

सरांनी दिली, पण अट घालून. महाडला राहणाऱ्या केंद्रप्रमुख तसनीम मॅडम येऊन मुलांचा भागाकार बघणार. त्यांना पटलं तर तिसरी वर्षभर माझी, नाही पटलं तर मी आणि माझ्या भाकऱ्या.

पंधरा दिवस सहा पोरांना घेऊन नदीतल्या गोट्यांवर सराव केला. चोवीस गोटे, सहा जण, प्रत्येकी चार. झोपेतून उठवलं तरी चार! मग मला दुर्बुद्धी सुचली. मॅडमपुढे गोटे काय मांडायचे? रव्याचे लाडू करू. घरचा गॅस संपलेला, म्हणून शाळेतल्या खिचडीच्या चुलीवर रवा भाजला आणि चोवीस लाडू वळले. ऋत्विकने घरून टोपली आणली.

मॅडम आल्या, बसल्या. मी ऐटीत म्हटलं, "चोवीस लाडू. सारखे वाटा. अंकिता, प्रत्येकाला किती आले?"

पोरांनी भराभर वाटे घातले. अंकिता म्हणाली, "तीन."

दारात उभ्या राजेंद्र सरांचा चेहरा कुणाच्या तेराव्याला आल्यासारखा झाला.

"नीट मोज," मी दात दाबून म्हटलं.

"तीनच, बाई. बाकी नाय."

मी वाकून पाहिलं. खरंच सगळीकडे तीन-तीन. पण वाटे आठ! हे जास्तीचे दोन कुणाचे, विचारलं तर ऋत्विकने माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी आज सकाळच्याच एसटीने या वाडीत उतरले.

"एक देवीचा, एक टोपलीचा."

आता मॅडमना काय सांगू? उन्हाळ्यात नदीचे डोह आटले की आमची माणसं मिळून मासे धरतात. वाटे घालताना पहिला देवीचा, मग ज्याचं जाळं त्याच्या जाळ्याचा, मग माणसांचे. पोरांनी हे जन्मापासून पाहिलेलं. इथे जाळं नव्हतं, टोपली होती!

"मग गोट्यांच्या वेळी देवी कुठे गेली होती?" मी चिडून विचारलं.

"देवी गोटे खाते काय?"

मी फर्मावलं, देवीचा वाटा उचला. सहाही पोरांनी हात पाठीमागे घेतले. तुम्हीच उचला, म्हणाली. मी हात पुढे केला. खरं सांगते, तो अर्ध्या वाटेवरून आपला आपण मागे आला.

तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या तुळजाबाई पदराला हात पुसत आत आल्या. "आणि माझ्या चुलीचा वाटा गो? रवा काय उन्हात भाजलास?"

पोरांना हे एकदम पटलं! सगळं मोडून नऊ वाटे. दोन-दोन आले, सहा उरले. अंकिता म्हणाली, पाव्हण्यांचा राहिला. झाले दहा. दोन-दोन आले, चार उरले. पंधरा दिवस बाकी शिकवायला मी धजले नव्हते, आणि ही कार्टी माझ्या नाकावर टिच्चून बाकी काढत होती.

मॅडमनी पदर तोंडाला लावला होता. रडताहेत की हसताहेत, कळेना.

मी मात्र पेटले होते. रवा माझा, तूप माझं, पंधरा दिवस घसा माझा! देवीला वाटा, टोपलीला वाटा, चुलीला वाटा. "आणि माझा?"

ऋत्विक समजुतीने म्हणाला, "बाई, तुम्ही पाण्यात कुठं उतरलात? काठावरच्याला वाटा नाय."

"मग हे उरलेले चार?"

"बारीक मासळी परत डोहात सोडायची." आणि त्याने ते चार लाडू माझ्या डब्यात टाकून झाकण लावलं. चला, डबा तरी माझा होता!

मॅडमनी शेरा लिहिला, तो मला पाठ आहे. 'किती जणांत भागायचं हे मुलं स्वतः ठरवतात, बाकीचं काय करायचं तेही जाणतात. शिक्षिका काठावर उभ्या राहतात. हीच पद्धत चालू ठेवावी.' म्हणजे तिसरी माझी! अपमान झाला की कौतुक, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मॅडमना एसटीत बसवून आले आणि डबा उघडला. रिकामा. राजेंद्र सर मिशीतला रवा झटकत होते.

"डोह काय, बाई," ते म्हणाले, "सगळ्यांचाच असतो."

सोमवारपासून मी परत गोट्यांवर आले आहे.