दोघं कुठे भेटतील?

आमच्या घरात माझ्यापासून काही लपून राहत नाही. त्यामुळे बाबा रोज चारला इस्त्रीचा शर्ट घालून, सायकल काढून ‘जरा फिरून येतो’ म्हणायला लागले, तेव्हा चौथ्याच दिवशी मला वास आला. जन्मभर बस चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून चाकाचं नाव काढत नव्हता. मग हा उत्साह कुठून आला? विचारलं, तर खोकून विषय बदलला.

शनिवारी धुण्यात त्यांच्या खिशातून चिठ्ठी निघाली. अक्षर त्यांचंच. ‘तो ४ वाजता सायकलवरून निघतो, वेग ताशी १२ किमी. ती त्याच वेळी समोरून चालत येते, वेग ताशी ४ किमी. दोघांमधलं अंतर ८ किमी. दोघं कुठे भेटतील?’

माझ्या हातातला साबण गळाला. आईला जाऊन दोनच वर्षं झाली होती!

मी आत्याला बोलावलं. ती बाबांची धाकटी बहीण, संशयात माझ्या चार पावलं पुढे. चिठ्ठी वाचून म्हणाली, “आठ किलोमीटर चालायला तयार आहे, म्हणजे प्रकरण पक्कं आहे.”

मी चिठ्ठीच्या पाठीवरच हिशेब मांडला. वेगांची बेरीज सोळा. अंतर भागिले वेग, अर्धा तास. बारा गुणिले अर्धा, सहा!

सोमवारी स्कूटरच्या काट्यावर मोजत निघालो. सहा किलोमीटर बरोबर कौलांच्या कारखान्यापाशी भरले. तोंडाला ओढण्या गुंडाळून आम्ही कौलांच्या ढिगामागे दबा धरून बसलो. साडेचार वाजले. बाबा आले नाहीत, कारखान्याचा रखवालदार आला. कौलं चोरीला जात होती म्हणून तो आधीच बिथरलेला. काय करताय म्हणाला. आत्याने खरं ते सांगितलं, की एका बाईची वाट बघतोय. कोण बाई? तेच तर कळायचंय! त्याने आम्हाला ऑफिसात बसवलं आणि घरच्या जबाबदार माणसाला फोन करायला लावला. आमच्या घरात तसा माणूस एकच.

बाबा वीस मिनिटांत आले, एका बाईंच्या स्कूटरवर मागे बसून. आत्याने मला असं कोपर मारलं की बरगडी हलली.

बाई प्रौढांच्या वर्गाच्या शिक्षिका निघाल्या. बाबा दहावीच्या विज्ञानात पूर्वी तीनदा नापास झाले होते, आता चौथ्यांदा बसणार होते. ती चिठ्ठी म्हणजे त्यांचा न सुटलेला गृहपाठ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मला विचारायचंत ना, बाबा,” मी म्हणाले.

“तू आधी हसली असतीस,” ते जमिनीकडे बघत म्हणाले, “आणि मग चौकशी केली असतीस.”

बाईंनी चिठ्ठी मागितली, उलटून माझं गणित वाचलं आणि पर्समधून लाल पेन काढलं.

“रीत बरोबर आहे. पण नुसतं सहा? सहा काय, किलोमीटर की केळी?”

आणि रखवालदारादेखत माझा अर्धा गुण कापला.